फोटो एकाचा, नाव दुसऱ्याचं : फ्लेक्सच्या फाइलमधलं 'ग्रुप' प्रकरण नेमकं काय असतं?

मिरजकर तिकटीला किंवा दसरा चौकात उभं राहून वर बघितलं की कोल्हापूरचं कॅलेंडर कळतं. गणपती आले, नवरात्र आलं, तालमींच्या टीमचा फुटबॉल हंगाम सुरू झाला, कुणाचा तरी वाढदिवस आहे. सगळं फ्लेक्सवर. मधे मोठा फोटो, वर जाड अक्षरात नाव आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून ओळीनं पंधरा-वीस छोटे गोल फोटो. प्रत्येक फोटोखाली त्या माणसाचं नाव.

या खालच्या ओळीत कधीतरी भलताच प्रकार दिसतो. फोटो एकाचा असतो आणि नाव दुसऱ्याचं. एकदा असा फ्लेक्स चौकात लागला की त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरायला वेळ लागत नाही. मंडळ म्हणतं, फ्लेक्सवाल्यानं घोळ केला. फ्लेक्सवाला म्हणतो, नावं तुम्हीच उलटसुलट पाठवली. आणि पुष्कळदा नावं बरोबरच आलेली असतात, ऑपरेटरनं ती बरोबरच टाइप केलेली असतात, तरीही छापून चूक येते.

हे होतं कसं? रात्री अकराला मंडळातून फोन येतो, "भावा, एक फोटो राहिलाय, तिसऱ्या नंबरला टाक." ऑपरेटर तिसऱ्या फोटोपासून पुढचे सगळे फोटो निवडतो, एक घर उजवीकडे सरकवतो आणि मोकळ्या जागेत नवा फोटो बसवतो. फोटो सरकले. नावं मात्र होती तिथेच राहिली, कारण सॉफ्टवेअरच्या लेखी फोटो आणि त्याखालचं नाव यांचा एकमेकांशी काहीच संबंध नव्हता. नव्या माणसाचं नाव त्यानं ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागेत टाकलं, की मधल्या प्रत्येकाखाली शेजाऱ्याचं नाव.

फोटो आणि नाव यांचा संबंध आहे हे सॉफ्टवेअरला सांगण्याची एक सोय आहे. तिचं नाव ग्रुप. दोन्ही निवडायचे आणि कंट्रोल + जी दाबायचं. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीच्या आजूबाजूला जे आहे ते समजून घेण्यासारखं आहे. त्यातला एक भाग तर खास आपल्या देवनागरीचा आहे, आणि इंग्रजीतून शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये तो सहसा सापडत नाही.

आधी हे समजून घ्या : फाइलमध्ये 'चित्र' नसतंच

मोबाइलनं काढलेला फोटो म्हणजे लाखो रंगीत ठिपके. त्यात माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते हे फाइलला माहीत नसतं. फ्लेक्स, लग्नपत्रिका, दुकानाचे बोर्ड ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनतात त्यांचा मामला वेगळा. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर, इंकस्केप ही सगळी वेक्टर पद्धतीची सॉफ्टवेअर. इथे फाइल म्हणजे वस्तूंची यादी असते : या जागी एक वर्तुळ, एवढ्या व्यासाचं, पिवळ्या रंगाचं. त्यावर एक चौकोन. त्यावर एक ओळ मजकूर.

वस्तूंचा क्रमही ठरलेला असतो. नंतर आलेली वस्तू आधीच्या वस्तूवर बसते. म्हणून तर फ्लेक्सवर नेत्यांचे फोटो कुणाच्या मागे आणि कुणाच्या पुढे, यावर मंडळात चर्चा होऊ शकते.

आता मंडळाच्या फ्लेक्समध्ये अशा किती वस्तू असतील? वीस माणसांचे फोटो, वीस गोल कडा, वीस नावं : इथेच साठ झाल्या. शिवाय कमानी, फुलं, पताका, ढाल-तलवार. टेलिग्रामवरून किंवा यूट्यूबच्या लिंकवरून उतरवलेली 'फ्री सीडीआर' फाइल असेल तर एका झेंडूच्या माळेतच दोनशे सुट्या पाकळ्या निघतात. ऑपरेटरच्या डोळ्यांना ती माळ दिसते. सॉफ्टवेअरला दोनशे पाकळ्या दिसतात. ग्रुप या दोघांमध्ये समेट घडवतो.

ग्रुप केल्यावर वस्तू तशाच राहतात, प्रत्येकीचा रंग आणि आकार तसाच राहतो. फक्त त्यांच्याभोवती एक अदृश्य दोरी बांधली जाते. एक हलवली की सगळ्या हलतात, एक मोठी केली की त्याच प्रमाणात सगळ्या मोठ्या होतात. आणि 'सगळे फोटो सारख्या अंतरावर लाव' असं सांगितलं तर सॉफ्टवेअर साठ सुट्या वस्तूंऐवजी वीस गठ्ठे मोजतं. फोटो, कड आणि नाव असा एकेकाचा ग्रुप केलेला असेल, तर रात्री अकराचा फोन आला तरी नावं इकडची तिकडे होत नाहीत.

मोळी वेगळी आणि ढेप वेगळी

इथे पहिला गोंधळ होतो. 'एकत्र करणे' यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक नाही, तीन आज्ञा असतात, आणि नवा ऑपरेटर तिन्ही सारख्याच समजतो. कोरलड्रॉमधली त्यांची नावं ग्रुप, कंबाइन आणि वेल्ड.

कोल्हापूरकरांना हे उसावरून पटकन कळेल. ग्रुप म्हणजे उसाची मोळी. बांधली, ट्रॉलीत टाकली, एकत्र गेली. दोरी सोडली की प्रत्येक ऊस जसाच्या तसा परत. वेल्ड म्हणजे गुळाची ढेप. रस एक झाला, आटला, साच्यात बसला. आता त्यातून एकेक ऊस परत मागू नका.

कंबाइन या दोघांच्या मधलं, आणि सगळ्यात फसवं. यात अनेक आकार मिळून एकच वस्तू बनते, सगळ्यांना एकच रंग लागतो, आणि जिथे दोन आकार एकमेकांवर येतात तो भाग पोकळ होऊ शकतो. ही पोकळी कामाचीही असते. मोठ्या वर्तुळावर छोटं वर्तुळ ठेवून कंबाइन केलं की बांगडी मिळते, मधून मागचं चित्र दिसतं. 'ब' किंवा 'च' या अक्षराच्या पोटातली मोकळी जागाही अशीच तयार होते : बाहेरची एक रेषा, आतली एक रेषा, आणि दोन्ही मिळून एक अक्षर.

म्हणूनच अक्षरांवर 'ब्रेक अपार्ट' ही आज्ञा दिली की घात होतो. कंबाइन सुटतं, आतला आकार आणि बाहेरचा आकार वेगळे होतात, दोघांनाही काळा रंग लागतो आणि 'ब'चं पोट भरून काळं होतं. नव्या ऑपरेटरला वाटतं फॉन्ट बिघडला.

यात आणखी एक खोच आहे. कोरलमध्ये ग्रुपसाठी कंट्रोल + जी, सोडायला कंट्रोल + यू, कंबाइनला कंट्रोल + एल आणि ब्रेक अपार्टला कंट्रोल + के. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर आहे, म्हणून बरेच विद्यार्थी त्याकडे वळतात. तिथे कंट्रोल + जी तेच. पण कंट्रोल + के म्हणजे कंबाइन, म्हणजे कोरलच्या बरोबर उलट. आणि कंट्रोल + एल म्हणजे 'सिम्प्लिफाय' : आकाराचे बिंदू कमी करून रेषा सोपी करणं. कोरलवर बोटं बसलेल्या माणसानं इंकस्केपमध्ये सवयीनं कंट्रोल + एल दाबलं, तर अक्षरं जोडली जात नाहीत, फक्त थोडी वितळल्यासारखी दिसायला लागतात. कारण काही केल्या सापडत नाही.

शिरोरेषेची गोष्ट

आता तो देवनागरीचा भाग.

शाळेत शब्द कसा लिहायला शिकवतात? आधी अक्षरं, मग सगळ्या शब्दावर एक रेघ. बोर्ड रंगवणारे पेंटरही शिरोरेषा एका दमात ओढायचे. बाबूराव पेंटरांच्या या गावात नाटकांचे पडदे, सिनेमाची पोस्टरं, दुकानांच्या पाट्या हातानं रंगवण्याची मोठी परंपरा होती, आणि हातानं लिहिताना शिरोरेषा ही अख्ख्या शब्दाची एकच वस्तू असायची. मोडी लिपीत तर त्याहून पुढची तऱ्हा : आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारून घ्यायची आणि मग अक्षरं त्या रेघेला टांगायची.

एका अर्थानं देवनागरीत ग्रुपचं काम शिरोरेषाच करते. कुठली अक्षरं मिळून एक शब्द होतो, हे ती वरून रेघ मारून सांगते.

कॉम्प्युटरचा फॉन्ट मात्र असं काम करत नाही. त्यात प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा डोक्यावर घेऊन येतं. दोन अक्षरं शेजारी आली की तुकड्याला तुकडा लागतो आणि रेघ पूर्ण झाल्यासारखी वाटते. मधे फट दिसू नये म्हणून हे तुकडे सहसा किंचित लांब ठेवलेले असतात, म्हणजे पुढच्या अक्षराच्या तुकड्यावर थोडे चढतात. काळ्यावर काळं चढलं, त्यामुळे डोळ्याला काही कळत नाही. रोजच्या टायपिंगमध्ये याचा काही त्रास नाही.

त्रास सुरू होतो तो 'कर्व्ह' केल्यावर. "फाइल कर्व्ह करून पाठवा" हे वाक्य प्रत्येक प्रिंटिंगवाला दिवसातून दहा वेळा म्हणतो. कारण असं की मराठी डीटीपीचं बरंचसं काम अनेक वर्षं श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर चालत आलं आहे. तो फॉन्ट समोरच्या कॉम्प्युटरवर नसेल तर 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून पाठवण्याआधी अक्षरांचं रूपांतर नुसत्या आकारांमध्ये करतात, कोरलमध्ये कंट्रोल + क्यू. आता फॉन्टची गरज नाही. पण आता ती अक्षरंही नाहीत. 'क' आता 'क' नाही, ती 'क'सारखी दिसणारी बाह्यरेषा आहे.

आणि आकार झाले की ते एकमेकांवर चढलेले तुकडे उघडे पडतात.

समजा रिक्षाच्या मागच्या काचेवर 'चांगभलं' लिहायचं आहे. जोतिबाच्या डोंगराकडे जाणाऱ्या गाड्यांवर हा शब्द सगळ्यांनी पाहिलेला आहे. रेडियमवाला शब्द टाइप करतो, कर्व्ह करतो आणि नुसता ग्रुप करून कटिंग प्लॉटरला पाठवतो. प्लॉटरला रंग कळत नाही. त्याच्या पात्याला फक्त आकारांच्या कडा कळतात, आणि जिथे कड तिथे ते कापतं. 'च'ला जोडलेल्या कान्याच्या शिरोरेषेची कड 'ग'च्या शिरोरेषेच्या आत आहे? तिथेही कापतं. स्क्रीनवर अखंड दिसणारी रेघ रेडियममध्ये तुकड्या-तुकड्यांनी कापली जाते. नको असलेला भाग सोलून काढताना शिरोरेषेचे कपटे निघून येतात. काचेवर लागल्यावर दोन पावसाळ्यांत त्या सांध्यांतून कोपरे उचलायला लागतात.

दुसऱ्यानं ग्रुपऐवजी कंबाइन केलं, तर? चढलेला भाग पोकळ होऊ शकतो. म्हणजे शिरोरेषेत प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर एक बारीक पांढरी खाच. लग्नपत्रिकेवर छोट्या अक्षरात ती दिसत नाही. त्याच फाइलवरून दारातला दहा फुटी बोर्ड केला की उंदरानं कुरतडल्यासारखी रेघ दिसते.

इथे ढेपच हवी. वेल्ड केलं की सगळे तुकडे वितळून शब्दाची एकच बाह्यरेषा तयार होते, आतल्या कडा नाहीशा होतात. इंकस्केपमध्ये याला 'युनियन' म्हणतात, इलस्ट्रेटरमध्ये 'पाथफाइंडर'च्या खिडकीत 'युनाइट'. थोडक्यात, पेंटर जे ब्रशच्या एका फटक्यात करायचा ते आपण तुकडे जोडून, वितळवून परत मिळवतो.

फ्लेक्सवर हीच भानगड वेगळ्या रूपात भेटते. नावाभोवती जाड पिवळी किंवा पांढरी कड देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अक्षरं सुटी असताना कड दिली तर प्रत्येक अक्षराची कड शेजारच्या अक्षरावर चढते आणि नाव मधेमधे चिरल्यासारखं दिसतं. आधी वेल्ड, मग कड, हा क्रम ठेवला तर कड अख्ख्या शब्दाभोवती फिरते.

वेल्ड झालं की नाही हे रंगीत स्क्रीनवर कळत नाही. त्यासाठी सगळे रंग काढून नुसत्या रेषा दाखवणारा व्ह्यू असतो : कोरलमध्ये 'वायरफ्रेम', इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल + वाय दाबून 'आउटलाइन', इंकस्केपमध्येही आउटलाइन नावानंच. तिथे शिरोरेषेत उभ्या बारीक रेघा दिसल्या की समजायचं, ढेप झालेली नाही, अजून मोळीच आहे. पाच सेकंदांचं काम आहे, आणि रेडियमच्या रोलपेक्षा स्वस्त.

टिंब हरवलं तर?

'चांगभलं'मध्ये दोन अनुस्वार आहेत. अनुस्वार शिरोरेषेला टेकत नाही, अक्षराच्या वर अधांतरी असतो. म्हणजे आकारांच्या दुनियेत तो एक स्वतंत्र छोटं वर्तुळ आहे. सगळा शब्द एकत्र निवडून वेल्ड केला असेल तर हे वर्तुळ न टेकताही त्याच वस्तूचा भाग बनून राहतं. पण शब्द सुटा करून कुणी अक्षरं जवळ-लांब करत बसला आणि परत ग्रुप करताना टिंब निवडायचं राहिलं, तर शब्द पुढे जातो आणि टिंब मागे राहतं. ते तिथे कुठल्या तरी फुलाच्या नक्षीत मिसळून जातं. कुणाला दिसतही नाही.

इंग्रजीत 'आय'वरचा ठिपका हरवला तरी शब्द वाचता येतो. मराठीत तसं नाही. 'अंबाबाई'चं 'अबाबाई' होतं. 'वंदन'चं 'वदन' होतं, म्हणजे नमस्काराच्या जागी तोंड. आणि पत्रिकेच्या डोक्यावर 'चिंतामणी प्रसन्न' असेल आणि पहिलं टिंब गेलं, तर जे उरतं ते लग्नघरात कुणाला मोठ्यानं वाचायची हिंमत होणार नाही. पाचशे पत्रिका छापून आल्यावर हे लक्षात आलं तर पाचशेही रद्दीत.

स्पेलिंग तपासणारं कुठलंही सॉफ्टवेअर इथे मदतीला येत नाही, कारण फाइलमध्ये आता मजकूरच नाही, आकार आहेत. म्हणून जुने जाणते ऑपरेटर दोन फाइल ठेवतात : एक टाइप केलेल्या मजकुराची, दुरुस्तीसाठी, आणि एक कर्व्ह केलेली, छपाईसाठी. प्रूफ वाचायचं ते दुसऱ्या फाइलचं. घोळ तिथेच होतो.

एकवीस पानांचा साज

ग्रुपचीच गोष्ट पुढे नेऊ. ग्रुपमध्ये ग्रुप ठेवता येतो, आणि याचं उत्तम उदाहरण कोल्हापूरच्या सोनाराकडे आहे.

पत्रिकेवर किंवा सराफाच्या जाहिरातीत कोल्हापुरी साज काढायचा आहे. पारंपरिक साजात २१ पानं सांगितली जातात : दहा दशावतारांची, आठ अष्टमंगळाची, दोन माणिक आणि पाचूची आणि एक डोरलं. प्रत्येक पानाच्या मधे सोन्याचे मणी. कॉम्प्युटरवर मत्स्यावताराचं एक पान काढायचं तरी दहा-पंधरा आकार लागतात : पानाची कड, माशाचं अंग, खवले, डोळा, वरची कडी, चमक दाखवणारा पांढरा डाग. असे एकवीस वेळा.

शहाणा चित्रकार एका पानाचे सगळे आकार आधी ग्रुप करतो. मग पानं आणि मणी मिळून साजाचा ग्रुप. आता साज उचलून कुठेही ठेवता येतो, वधूच्या चित्रावर बसवता येतो. आणि फक्त माणकाचा लाल रंग बदलायचा असेल तर? ग्रुप सोडायची गरज नाही. कोरलमध्ये आणि इंकस्केपमध्ये कंट्रोल दाबून क्लिक केलं की ग्रुपच्या आतली एकच वस्तू निवडली जाते. कोरलमध्ये तेव्हा निवडीभोवतीचे चौकोनी ठिपके गोल होतात, ही त्याची खूण. इलस्ट्रेटरमध्ये ग्रुपवर डबल क्लिक केलं की तो ग्रुप उघडतो आणि बाकीचं चित्र फिकट पडतं.

बहुतेक नवशिके मात्र एका रंगासाठी 'अनग्रुप ऑल' दाबतात. ही आज्ञा साजाची दोरीही सोडते आणि प्रत्येक पानाचीही. तीनशे आकार क्षणात सुटे. मग एका चुकीच्या क्लिकवर माशाचा डोळा कूर्मावताराच्या पाठीवर जाऊन बसतो. 'अनग्रुप' फक्त बाहेरची गाठ सोडतं. 'अनग्रुप ऑल' सगळ्याच. मेनूमध्ये दोघं शेजारी-शेजारी असतात, हे दुर्दैव.

मण्यांचं काय? पानं वेगवेगळी आहेत, पण मणी सगळे सारखेच. इथे ग्रुप करून त्याच्या कॉपी काढणं चालतं, पण त्याहून चांगला उपाय आहे आणि तो साठ वर्षांहून जुना आहे. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्यानं पीएचडीसाठी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. टीएक्स-२ नावाच्या अवाढव्य कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर प्रकाशाच्या पेननं थेट रेषा काढता यायच्या. त्यात त्यांनी अशी सोय केली की एक मूळ चित्र काढायचं आणि त्याच्या हव्या तितक्या प्रती मांडायच्या. मूळ चित्रात बदल केला की सगळ्या प्रती आपोआप बदलायच्या. आजच्या चित्रांच्या पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये ही कल्पना आहे. कोरल आणि इलस्ट्रेटर तिला 'सिम्बॉल' म्हणतात, इंकस्केप 'क्लोन' म्हणतं, अॅप डिझाइन करणाऱ्यांच्या फिग्मामध्ये 'कम्पोनंट'. एक मणी काढा, बाकी क्लोन ठेवा. ग्राहक म्हणाला मणी जरा टपोरे हवेत, तर एकाच मण्यावर काम करायचं. सदरलँड यांना १९८८ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. कॉम्प्युटर क्षेत्रातलं नोबेल म्हणतात तो हाच.

ग्रुपच्या आत सॉफ्टवेअर काय करतं, हेही मजेशीर आहे. इंटरनेटवर आयकॉन आणि चित्रांसाठी एसव्हीजी नावाचा फाइलचा प्रकार वापरतात. २००१ मध्ये तो प्रमाण म्हणून जाहीर झाला. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. तिच्यात ग्रुप म्हणजे 'जी' या एकाच अक्षराची खूण असते : इथे ग्रुप सुरू, इथे संपला. ग्रुप दहा मिलिमीटर उजवीकडे सरकवला की पुष्कळदा आतल्या तीनशे आकारांचे आकडे बदलत नाहीत. 'जी'च्या पुढे एकच सूचना लिहिली जाते, की आतलं सगळं दहा मिलिमीटर उजवीकडे धरा. घरातल्या प्रत्येकाला वेगळं सांगण्याऐवजी कर्त्या माणसाला निरोप देण्यासारखं.

ग्रुप केला आणि तरीही फसलं

ग्रुप म्हणजे सगळ्यावर इलाज नाही. दोन ठिकाणी तो स्वतःच गोत्यात आणतो.

पहिलं, कडांची जाडी. पत्रिकेसाठी काढलेला चार इंची साज ग्रुप केला आणि फ्लेक्ससाठी ओढून चार फुटी केला. आकार बारा पट झाला, पण प्रत्येक रेषेची जाडी पत्रिकेवर होती तेवढीच राहिली, कारण 'वस्तूबरोबर रेषाही मोठी कर' ही खूण केलेली नव्हती. साज लांबून दिसतच नाही. उलटही होतं : मोठा साज लहान केला की रेषा तेवढ्याच जाड राहून सगळी पानं काळी पडतात. ही खूण कोरल, इलस्ट्रेटर आणि इंकस्केप तिन्हींत आहे, फक्त ती कुठे आहे हे एकदा शोधून ठेवावं लागतं.

दुसरं, मागे-पुढे. ग्रुप झाला की त्यातल्या सगळ्या वस्तू एकाच थरावर, सलग येतात. समजा फोटो सगळ्यात मागे आहे, त्याच्यावर फुलांची कमान आणि कमानीवर नाव. तुम्ही फोटो आणि नाव ग्रुप केलं, तर फोटोही नावाबरोबर वर येतो आणि कमान झाकून टाकतो. फुलं गेली कुठे म्हणून शोधाशोध. फुलं तिथेच आहेत, फोटोच्या मागे. मधली वस्तूही ग्रुपमध्ये घेतली की प्रश्न मिटतो.

आणि हे फक्त फ्लेक्सवाल्यांपुरतं नाही. आता वाढदिवसाची पोस्ट, मंडळाच्या कार्यक्रमाचं आमंत्रण, शाळेच्या ग्रुपवरची सूचना लोक मोबाइलवरच कॅनव्हामध्ये बनवतात. तिथेही फोटो आणि नाव सुटेच असतात. एका वस्तूवर बोट दाबून धरायचं, एकापेक्षा जास्त निवडण्याचा पर्याय घ्यायचा, दुसरी वस्तू निवडायची आणि 'ग्रुप'. लॅपटॉपवर शिफ्ट धरून दोन्ही निवडायचे आणि तेच कंट्रोल + जी. सोडताना मात्र कोरलसारखं कंट्रोल + यू नाही. कॅनव्हा, इलस्ट्रेटर आणि पॉवरपॉइंट या तिन्हींत कंट्रोल + शिफ्ट + जी. पॉवरपॉइंटवर प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : 'येथे शीर्षक लिहा' अशा आयत्या चौकटी तिथे ग्रुप होत नाहीत. कितीही निवडलं तरी बटण फिकटच राहतं. मजकूर वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये घेतला तर होतो.

मंडळातर्फे किंवा लग्नघरातर्फे तुम्हीच फ्लेक्सवाल्याकडे बसला असाल, तर प्रूफ बघताना मोठं नाव आणि नेत्यांचा क्रम सगळेच बघतात. त्यानंतर दोन मिनिटं खालच्या ओळीला द्या. शेवटचा बदल जिथे झाला, तिथून उजवीकडे एकेका फोटोवर बोट ठेवून नाव वाचा. मग शिरोरेषा, मग प्रत्येक टिंब. आणि ऑपरेटरला सांगा, कर्व्ह करण्याआधीची फाइल ठेवून दे. पुढच्या वर्षी गणपतीला तीच माणसं असतील, फक्त दोन फोटो वाढलेले असतील.